रोग्याच्या तोंडाची कोरड

इस्पितळात पडलेल्या माणसाला भेटायला जाणे हे आपल्या समाजात अजूनही कर्तव्य मानले जाते, आणि या गोष्टीचा आम्हांला अभिमान वाटतो. कास्कावेलचा माणूस बस बदलत पाम्प्लेमूसच्या राष्ट्रीय इस्पितळापर्यंत जातो. वाक्वाची मंडळी संध्याकाळी कान्दोसच्या व्हिक्टोरिया इस्पितळात हजेरी लावतात. हातात फळांची पिशवी असते, बिस्किटाचा पुडा असतो. खाटेजवळ उभे राहून आपण विचारतो : साखर किती आली? ताप उतरला का? झोप लागली का? डॉक्टर काय म्हणाले? मग कोणी उशी सरळ करतो, कोणी पाय चेपतो. पण 'आजी, जरा तोंड उघडा पाहू' असे म्हणणारा मनुष्य आम्हांला क्वचितच भेटला आहे.

आणि नेमकी तिथेच आजीची तक्रार असते. आपल्या घरांत ही तक्रार बहुधा क्रिओलमधून होते. 'लाबूस सेक' असे दोन शब्द बोलून आजी गप्प बसते. आपण पेल्यातले दोन घोट पाणी देतो आणि विषय संपला असे समजतो. दहा मिनिटांत तोंड पुन्हा कोरडे होते, पण दुसऱ्यांदा सांगायला म्हाताऱ्या माणसाला संकोच वाटतो. एवढे मोठे दुखणे असताना तोंडाच्या कोरडीचे काय घेऊन बसायचे, असे तिला वाटते आणि आपल्यालाही वाटते. हे वाटणे चुकीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या भाषेला लाळेची ओळख चांगली आहे. आवडता पदार्थ दिसला की तोंडाला पाणी सुटते. भीती वाटली की तोंडाला कोरड पडते, जीभ टाळूला चिकटते, शब्द फुटत नाही. जुन्या धर्मशास्त्रात जी दिव्ये सांगितली आहेत त्यांत तांदळाचे दिव्य आहे. चोरीचा संशय असलेल्या माणसाला तांदूळ चावून थुंकायला लावीत. आज त्याचा अर्थ असा लावतात की भ्यालेल्या माणसाच्या तोंडाला लाळच सुटत नसावी, म्हणून त्याचा तांदूळ त्याला फसवीत असे. न्यायाची ही रीत चांगली होती असे कोण म्हणेल? निरपराध माणूसही भितोच. पण मनाचा आणि लाळेचा संबंध आपल्या पूर्वजांच्या ध्यानात आला होता एवढे खरे. भीतीची कोरड भीतीबरोबर जाते. इस्पितळातली कोरड तशी जात नाही. तिची कारणे निराळी, तिचे परिणामही निराळे.

आधी लाळ म्हणजे काय ते पाहू. वर्गात मुलांना पावाचा तुकडा देऊन तो बराच वेळ चावायला सांगितला की मुले म्हणतात, 'गोड लागतो!' लाळेतील अमायलेज नावाचा पाचक रस पिष्टाची साखर करू लागतो म्हणून तो गोड लागतो. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. मात्र पुस्तकात लाळेचे काम बहुधा एवढ्यावरच संपते, आणि हे तिचे सर्वांत लहान काम आहे. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानांपुढे गालांत एक एक, जबड्याखाली दोन, जिभेखाली दोन अशा मोठ्या ग्रंथी, आणि ओठ, गाल व टाळू यांतल्या शेकडो बारीक ग्रंथी ती तयार करतात. तिच्यात सुमारे ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या एका टक्क्यातच तिचे सारे मोल आहे. दातांना लागणारे कॅल्शियम व फॉस्फेट, आम्ल मारणारे बायकार्बोनेट, जंतूंना आवरणारी प्रथिने, आणि तोंडाला आतून बुळबुळीत ठेवणारा म्युसिन नावाचा पदार्थ, हे सारे त्या एका टक्क्यात असते. म्हणून पाण्याचा घोट लाळेची जागा घेऊ शकत नाही. पाणी येते आणि निघून जाते, लाळ थांबते.

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या तोंडात मिनिटाला सुमारे ०.३ ते ०.४ मिलिलिटर लाळ येते. ती ०.१ च्या खाली गेली तर लाळ कमी झाली असे वैद्यकशास्त्र मानते. मोजण्याची रीत इतकी सोपी आहे की तिला यंत्र लागत नाही. रोग्याने पंधरा मिनिटे तोंडात जमणारी लाळ एका पेल्यात सोडायची. ती दीड मिलिलिटरहून कमी भरली की समजायचे. कोरडे वाटणे आणि लाळ कमी असणे या दोन गोष्टी नेहमी बरोबर चालत नाहीत, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. एखाद्याला लाळ पुरेशी असून तोंड कोरडे वाटते. दुसऱ्याची लाळ जवळजवळ आटली असते पण तो चकार शब्द काढीत नाही, कारण हळूहळू आटल्यामुळे त्याला सवय झालेली असते. म्हणून विचारलेही पाहिजे आणि पाहिलेही पाहिजे.

आता निरनिराळ्या खाटांकडे वळू. पहिली खाट मधुमेहाची, कारण आपल्या बेटावर ती टाळून पुढे जाताच येत नाही. १९८७ सालापासून मॉरिशसमध्ये या रोगाची सर्वेक्षणे होत आली आहेत. २०२१ च्या सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे वीस टक्के, म्हणजे पाचांत एक माणूस मधुमेही आढळला. रक्तात साखर वाढली की मूत्रपिंडे ती पाण्याबरोबर बाहेर टाकतात. लघवी वाढते, अंगातले पाणी कमी होते आणि तोंड कोरडे पडते. मग रोगी काय करतो? गोड सरबत किंवा बाटलीतले पेय मागतो, आणि प्रेमळ नातेवाईक ते आणून देतात. साखर आणखी वाढते, लघवी आणखी वाढते, कोरड आणखी वाढते. रहाटासारखे हे चक्र फिरत राहते. ज्या माणसाला मधुमेह आहे हे अजून कोणाला ठाऊकच नाही, त्याच्या बाबतीत ही कोरड म्हणजे रोगाने दारावर मारलेली पहिली थाप असू शकते.

दुसरी खाट मूत्रपिंडाच्या रोग्याची. बऱ्याच वेळा हा पहिल्याच खाटेवरचा माणूस असतो, फक्त दहा-पंधरा वर्षांनी मोठा झालेला. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जाणारे कोणी ना कोणी आता बहुतेक कुटुंबांच्या ओळखीत असते. या रोग्याची परीक्षा सर्वांत कठीण. त्याचे तोंड कोरडे असते, आणि पाणी पिण्याची त्याला मनाई असते. प्यालेले पाणी बाहेर जायला वाट नसते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, आणि ते पाय, फुप्फुसे व हृदय यांच्यावर चढते. हृदय कमकुवत झालेल्या रोग्याचेही पुष्कळसे असेच. घरची माणसे मग पोलीस बनतात. पेले मोजतात, रात्री उठून पाहतात, रागावतात. रोगी चोरून पितो आणि अपराध्यासारखा तोंड लपवतो. या भांडणात घरची शांतता गेलेली आम्ही पाहिली आहे, आणि दोष कोणाचाच नव्हता.

येथे एक भेद समजून घेतला तर भांडण निम्मे मिटते. तहान निराळी आणि तोंडाची कोरड निराळी. तहान रक्तातल्या मिठामुळे लागते. सलाइनच्या एका लिटर बाटलीत ९ ग्रॅम मीठ असते. शरीराचे गणितही तसेच आहे. नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे जेमतेम दीड-दोन चमचे, पोटात गेले की शरीर एक लिटर पाणी मागते आणि ते मिळेपर्यंत गप्प बसत नाही. तेव्हा 'पाणी पिऊ नका' असे दिवसभर बजावून ताटात पुआसों साले, आशार आणि खारवलेले शेंगदाणे वाढायचे, हा अन्याय आहे. मीठ कमी केले की तहान आपोआप उतरते. तोंडाच्या कोरडीला मात्र पाणी पिण्याची गरज नसते. तोंड ओले झाले म्हणजे पुरते. चूळ भरून टाकावी. बर्फाचा लहान खडा जिभेवर विरघळू द्यावा, मात्र तो दिवसाच्या पाण्याच्या हिशेबात धरावा. बिनसाखरेचा च्युइंग गम चावला तर ज्या ग्रंथी अजून जिवंत आहेत त्या थोड्या जाग्या होतात. आणि एक गोष्ट ठासून सांगायला हवी. कोरड पडली म्हणून डायलिसिसच्या रोग्याला शहाळ्याचे पाणी पाजू नये. त्यात पोटॅशियम पुष्कळ असते, ते त्याच्या रक्तात साठते आणि हृदय बंद पाडू शकते. शहाळे शुभ खरे, पण या रोग्याला नव्हे.

तिसरे कारण खाटेवर दिसत नाही. ते खाटेशेजारच्या पेटीत असते. लघवीची गोळी, सर्दी व खाज यांवरची गोळी, मन शांत करणारी किंवा झोपेची गोळी, नैराश्यावरची अमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवी होऊ नये म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन, तीव्र वेदनेवरचे मॉर्फिन. यांतले प्रत्येक औषध आपले काम चोख करते आणि जाता जाता तोंड कोरडे करते. एका औषधाची कोरड सोसवते. वय सत्तर, गोळ्या आठ, म्हणजे मग जीभ चामड्यासारखी होते. कधी एका गोळीऐवजी दुसरी देता येते, कधी मात्रा कमी करता येते, कधी रात्रीची गोळी सकाळी देता येते. हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे; घरच्यांनी आपल्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये. पण डॉक्टरांना कोरडीची खबरच नसेल तर ते ठरवणार तरी कसे? दम्याच्या पंपाचीही एक गोष्ट आहे. ज्या पंपात स्टेरॉइड असते तो ओढल्यावर चूळ भरून टाकावी, नाहीतर तोंडात बुरशी धरते. दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके जिभेवर व गालाच्या आत दिसतात. ते पुसून काढले तर खाली लाल, दुखरी जागा सापडते. त्यावर साधे औषध आहे, पण तोंड उघडून पाहिल्याशिवाय ते लिहून कोण देणार?

पक्षाघाताच्या खाटेवर आणखी निराळा प्रकार असतो. गिळण्याची शक्ती गेलेली असते, म्हणून 'तोंडाने काही देऊ नये' अशी पाटी लागते. ती पाटी योग्यच आहे. पाणी श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतते. परंतु काही देऊ नये याचा अर्थ तोंडाकडे पाहूही नये असा कित्येकांनी घेतलेला दिसतो. नाकातून नळी, उघडे तोंड, वर ऑक्सिजनचा कोरडा वारा. अशा तोंडाची दोन दिवसांत काय दशा होते ते शब्दांत सांगणे कठीण आहे. जिभेवर तपकिरी साय धरते, ओठांना भेगा पडतात. कंपवाताच्या रोग्याचे उलट दिसते. त्याची लाळ गळत असते आणि लोक म्हणतात, याला लाळ फार सुटते. वास्तविक त्याची लाळ वाढलेली नसते. ती गिळणे मंदावलेले असते. अशा माणसाला लाळ आटवणारी औषधे देताना फार विचार करावा लागतो.

कर्करोगाच्या खाटेविषयी थोडक्यात लिहितो. डोके व मान यांच्या कर्करोगावर किरणांचा उपचार करताना लाळेच्या ग्रंथी वाटेत सापडतात. गालाच्या ग्रंथीला सरासरी २६ ग्रेहून अधिक मात्रा लागली तर ती पूर्ववत होण्याची आशा फारच थोडी उरते. अलीकडच्या उपचारपद्धतीत किरणांची धार ग्रंथीला वळसा घालून नेता येते, आणि त्यामुळे कोरड कमी होते असे ब्रिटनमधील चाचणीत २०११ साली दिसून आले. असे उपचार सुरू होण्यापूर्वी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन यावे, हे घरच्यांनी स्वतः होऊन विचारावे. लाळ गेली की दात हिरडीच्या कडेने भराभर किडतात, आणि किरणे खाल्लेल्या जबड्यातला दात मागाहून काढणे धोक्याचे असते. काहींची लाळ तर शरीर स्वतःच आपल्या ग्रंथींवर उलटल्यामुळे आटते. डोळे व तोंड दोन्ही कोरडे करणारा हा रोग बायकांत अधिक आढळतो. स्वीडनचे नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. त्यावर पायलोकार्पिन नावाचे औषध काहींना गुण देते, पण दमेकऱ्यांना ते मानवत नाही.

वाचक म्हणतील, हे सारे खरे, पण कोरडीने कोणी मरत नाही. येथेच आमचा मतभेद आहे. लाळ दिवसरात्र तोंड धूत असते. ते धुणे थांबले की तोंडातली वस्ती बदलते. अमेरिकेतील जोहान्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली दाखवून दिले की गंभीर आजारी रोग्यांच्या घशात असे जंतू घर करतात जे निरोगी माणसाच्या घशात सहसा नसतात. झोपेत तोंडातला ओलावा थेंबाथेंबाने फुप्फुसात उतरत असतो. निरोगी माणूस तो खोकून टाकतो, दुबळा रोगी टाकू शकत नाही, आणि मग न्यूमोनिया होतो. एकदा वाचले की विसरता येत नाही असा एक जपानी पुरावा आहे. तेथील ११ वृद्धाश्रमांत योनेयामा यांच्या चमूने दोन वर्षे काही म्हाताऱ्यांचे दात व तोंड प्रत्येक जेवणानंतर नीट घासून दिले, बाकीच्यांचे नेहमीप्रमाणे चालू ठेवले. २००२ साली त्यांनी जाहीर केले की नेहमीप्रमाणे ठेवलेल्यांपैकी १९ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, आणि घासून दिलेल्यांपैकी ११ टक्क्यांना. औषध कोणते? दात घासायचा ब्रश. पुढे २०२३ च्या शेवटी अशा १५ चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या तेव्हा ब्रश करण्याने इस्पितळातला न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो असे आढळले. हा लाभ मुख्यतः श्वासयंत्रावरच्या रोग्यांत दिसला.

न्यूमोनिया एका बाजूला ठेवू. कोरड्या तोंडाला पावाचा घास गिळवत नाही, भात मातीसारखा लागतो. रोगी ताट बाजूला सारतो आणि आपण म्हणतो, 'खायची इच्छाच गेली.' कोरड्या जिभेने बोलता येत नाही. लंडनहून किंवा मेलबर्नहून धावत आलेला मुलगा खाटेशी बसतो आणि आई डोळ्यांनीच उत्तर देते. सगळे समजतात की तिची शक्ती संपली. कित्येकदा शक्ती संपलेली नसते, फक्त जीभ ओली करायची राहिलेली असते.

आमच्या नात्यातील एका काकीची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. छातीच्या दुखण्याने त्या एका इस्पितळात होत्या. इस्पितळाचे नाव सांगायचे कारण नाही, कारण असे कोठेही घडू शकते. चार दिवस ताट तसेच परत जात होते. मन खचले आहे असे ठरले आणि मनासाठी एक गोळी सुरू झाली. ती गोळीही तोंड कोरडे करणाऱ्यांपैकी, हे ओघाने आलेच. पाचव्या दिवशी शिकाऊ परिचारिकेने, वय वीस-एकवीस असेल, काकींना तोंड उघडायला लावले. कवळी तोंडात नव्हती. पहिल्या रात्री कोणी तरी ती काढून कागदी रुमालात गुंडाळून खणात ठेवली होती आणि पाळी बदलताना ते सांगायचे राहून गेले होते. जीभ टाळूला चिकटलेली, गालात जुन्या घासाचा तुकडा. त्या मुलीने अर्धा तास खर्च केला. संध्याकाळी काकींनी पेजेसारखा मऊ भात खाल्ला आणि सुनेला म्हणाल्या की भातात मीठ नाही. घरात आनंद झाला. काकी तक्रार करू लागल्या होत्या.

मग आपण तोंडाकडे का पाहत नाही? आमच्या मते याचे कारण आपल्या संस्कारात आहे आणि ते मोकळेपणाने बोलले पाहिजे. लाळ आपल्याला ओंगळ वाटते. 'उष्टे' हा शब्द आपण अगदी लहानपणी शिकतो. दुसऱ्याच्या तोंडाला लागलेला पेला आपण घेत नाही, आणि ते स्वच्छतेच्या दृष्टीने ठीकही आहे. वाईट माणसाला नाव ठेवायचे तर आपण त्याला लाळघोट्या म्हणतो. या वळणामुळे जी सून सासूचे पाय आनंदाने चेपते, केस विंचरते, अंग पुसते, तीच सासूच्या तोंडात बोट घालायला कचरते. सासूलाही लाज वाटते. तान्ह्या बाळाची लाळ पदराने पुसताना मात्र आपल्याला काही वाटत नाही. हातमोजे स्वस्त मिळतात, साबण आणि पाणी प्रत्येक वॉर्डात असते. उष्ट्याचा विचार जेवणाच्या पंगतीत करावा. आजाऱ्याच्या खाटेपाशी त्याला जागा देऊ नये.

करायचे ते अवघड नाही, पण विचारून करायचे. प्रथम सिस्टरला विचारावे : यांना गिळता येते का? पाणी चालते का? होय म्हटले तर रोग्याला उठवून बसवावे आणि मगच घोट द्यावा; निजल्या निजल्या देऊ नये. लहान डोक्याचा मऊ ब्रश घ्यावा, त्यावर वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. दात नसलेल्यांची हिरडी व जीभही ब्रशने हलकेच पुसावी. रात्री झोपण्यापूर्वीची सफाई सर्वांत महत्त्वाची, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते. कवळी रात्री काढावी, घासावी आणि नाव लिहिलेल्या डबीत पाण्यात ठेवावी. ती डबी घरूनच न्यावी. ओठांना काय लावायचे तेही विचारून लावावे. ऑक्सिजन चालू असताना तेलकट मलमे टाळून पाण्यात विरघळणारी लावण्याची रीत आहे. लिंबू-ग्लिसरीनचे बोळे पूर्वी फार वापरीत. त्यांची आंबट चव क्षणभर बरी वाटते, पण आम्ल दातांना खाते आणि कोरड मागाहून वाढते, म्हणून आता ते वापरू नयेत असे सांगतात. काडीवरच्या स्पंजाबाबत २०१२ साली ब्रिटनच्या नियामकाने सावधगिरीची सूचना काढली होती, कारण स्पंज काडीवरून सुटून तोंडात राहण्याचा धोका असतो. तो वापरलाच तर आधी ओढून पाहावा, पाण्यात भिजत ठेवू नये, एकदा वापरला की फेकावा आणि रोग्याला चावू देऊ नये.

इस्पितळांकडेही आमचे एक मागणे आहे. आपल्या सरकारी इस्पितळांत उपचार फुकट मिळतात ही लहान गोष्ट नव्हे, आणि एका पाळीत किती रोगी परिचारिकेच्या वाट्याला येतात ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून नवे यंत्र, नवी इमारत असे काहीच आम्ही मागत नाही. खाटेच्या पायथ्याशी जो तक्ता टांगलेला असतो त्यावर ताप, नाडी, रक्तदाब, साखर यांच्या ओळी असतात. तेथे तोंडाची एक ओळ असावी. ओले की कोरडे, स्वच्छ की साय धरलेले, कवळी आहे की नाही, आज ब्रश झाला की नाही. ज्या गोष्टीला तक्त्यावर रकाना असतो ती गोष्ट विचारली जाते. रकाना नसेल तर ती चांगल्या स्वभावाच्या एखाद्या शिकाऊ मुलीवर अवलंबून राहते, आणि ती मुलगी दर पाळीला असतेच असे नाही.

आणखी एक विषय टाळून चालणार नाही. आपल्यात अंतकाळी मुखात तुळशीपत्र व गंगाजल घालतात. गंगा तलावाचे पाणी अनेक घरांत त्यासाठी जपून ठेवलेले असते. ही रीत आम्हांला प्रिय आहे. पण आमच्या पाहण्यात असे आले आहे की शेवटच्या त्या एका थेंबासाठी सारे कुटुंब गोळा होते, आणि त्याआधीचे पंधरा दिवस ते तोंड कोरडेच असते. मरणाच्या जवळ पोचलेल्या माणसाला पाणी पिण्याची इच्छा पुष्कळदा राहत नाही. त्रास होतो तो कोरड्या तोंडाचा. शिरेतून सलाइन चढवले म्हणून ती कोरड जातेच असे नाही. घरची मंडळी मात्र सलाइन लावा म्हणून डॉक्टरांशी वाद घालीत बसतात. त्या वेळी स्वच्छ फडके पाण्यात बुडवून घट्ट पिळावे, आधी ओठ पुसावेत, मग गालांची आतली बाजू, मग जिभेचा पुढचा भाग. घशापर्यंत जाऊ नये. तासा-दीड तासाने पुन्हा करावे. घरात चार माणसे असली तर पाळ्या लावून घ्याव्यात, म्हणजे रात्रीही कोणी तरी जागे राहील.